विश्लेषण : गणपतीच्या मातीपासून ब्राँझच्या घोड्यापर्यंत... सासवण्याचे शिल्पकार करमरकर कोण होते?

न्हावा शेवा बंदरातून दरवर्षी गणेशोत्सवाच्या काही महिने आधी एक वेगळा माल परदेशी रवाना होतो. पेण, हमरापूर, जोहे परिसरातील कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ती कंटेनरमध्ये भरून सातासमुद्रापार जातात. रायगड जिल्ह्याची मूर्तिकला म्हटले की आज हाच उद्योग डोळ्यांसमोर येतो. मात्र याच जिल्ह्यातील, गणपती घडवणाऱ्या एका घरातून शंभर वर्षांपूर्वी एक मुलगा मुंबई, कोलकाता, लंडन असा प्रवास करून आला आणि त्याने महाराष्ट्राला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुण्यातील भव्य अश्वारूढ पुतळा दिला. हे शिल्पकार म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर, ऊर्फ नानासाहेब. मातीत हात घालायला कोणी न शिकवलेल्या या मुलाचे आयुष्य कसे घडले आणि त्यांच्या कामाचे आज काय महत्त्व आहे, याचा आढावा.

सासवणे कुठे आहे? करमरकरांचे घर कसे होते?

मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून अलिबागच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरवर सासवणे लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती आणि समुद्र अशी या गावाची ओळख. न्हावा शेवा, उरण, करंजा आणि धरमतरची खाडी ओलांडली की पलीकडे हाच किनारा. तेव्हा हा सगळा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

करमरकरांचा जन्म याच गावात २ ऑक्टोबर १८९१ रोजी झाला. घरात गणपतीच्या मूर्ती तयार करण्याची परंपरा होती. त्या काळात कोकणातील गावांमध्ये मूर्तीचे काम आजच्यासारखे वर्षभराचे नव्हते. शेतीची कामे सांभाळून पावसाळ्याच्या तोंडावर माती भिजवायची, श्रावणात मूर्ती वाळवायच्या आणि भाद्रपदात त्या घरोघरी पोहोचवायच्या, असा क्रम असे. म्हणजे हा धंदा कमी आणि गावाशी असलेला व्यवहार जास्त. अशा घरातील मुलांना माती वेगळी शिकवावी लागत नाही. ती अंगणातच असते.

करमरकर लहान होते त्याच काळात, म्हणजे १८९० च्या दशकात, सार्वजनिक गणेशोत्सव महाराष्ट्रात रुजू लागला. त्यापाठोपाठ १८९६ मध्ये रायगड किल्ल्यावर शिवाजी उत्सव सुरू झाला. गणपती आणि शिवाजी महाराज ही दोन रूपे या मुलाच्या आयुष्यात पुढे फार महत्त्वाची ठरली.

शिक्षक नसताना हात कसा तयार झाला?

याचे उत्तर मातीच्या कामातच आहे. कुंभाराचे मडके आणि मूर्तिकाराचा गणपती या दोन वेगळ्या वस्तू दिसतात, पण दोन्हींचा नियम एकच आहे. मातीचा भरीव गोळा वाळताना बाहेरून आधी सुकतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. भट्टीत घातला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटूही शकतो. म्हणून मोठी आकृती आतून पोकळ ठेवावी लागते. साच्यात शाडूची पोळी थापायची, दोन भाग जोडायचे, आत हात घालून सांधे भरायचे, हात आणि सोंड वेगळी करून लावायची. या अर्थाने गणपतीची मूर्ती हेही एक भांडेच आहे. फरक इतकाच की भांड्याला चेहरा आला आहे.

मराठी घरांमध्ये अशा चेहऱ्याच्या मातीची कमतरता कधीच नव्हती. बेंदराला आणि पोळ्याला मातीचे बैल, हरतालिकेला मातीच्या मूर्ती, दिवाळीतील किल्ल्यावर मावळे आणि सिंहासनावरचे महाराज ही सगळी गावच्या कुंभारांची आणि मूर्तिकारांची कामे. ती करणाऱ्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नसते. तरी बैलाच्या वशिंडाचा बाक नेमका येतो, कारण बैल रोज दारात असतो.

लहानग्या विनायकाचे शिक्षणही असेच झाले. घरच्या मूर्ती, गावातील माणसे, गुरेढोरे, कोळी बांधव हेच त्याचे नमुने होते. हातात येईल त्या साधनाने तो आकार घडवत असे, भिंतींवर चित्रे काढत असे. या वयातील मातीचे काम मागे राहत नाही. गणपती विसर्जित होतो, बैल पावसात विरघळतो. लोककलेतील बहुतेक कारागिरांच्या वाट्याला हेच येते. काम संपते तेव्हा वस्तूही संपते आणि नावही उरत नाही. करमरकरांचेही तसेच झाले असते. फरक पडला तो एका भिंतीवरील चित्रामुळे.

भिंतीवरचे शिवाजी महाराज आणि इंग्रज कलेक्टर

गावातील मंदिराच्या भिंतीवर विनायकाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस ते पडले.

आज हा प्रसंग सरळ वाटतो. त्या काळात तो तसा नव्हता. शिवाजी उत्सवातील भाषणे आणि त्याबाबतच्या लेखनानंतर १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता. १९०८ मध्ये दुसऱ्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. अशा वातावरणात गावच्या देवळातील शिवाजी महाराजांचे चित्र इंग्रज अधिकाऱ्याने पाहणे ही चित्रकार मुलासाठी अडचणीची गोष्टही ठरू शकली असती.

रॉथफिल्ड मात्र कलेत रस असलेले अधिकारी होते. भारतीय स्त्रियांवरील त्यांच्या पुस्तकासाठी पुढे चित्रकार महादेव धुरंधर यांनी चित्रे काढली. त्यांनी या चित्रामागचा हात ओळखला आणि मुलाला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकण्यासाठी मदत केली. सासवण्यातील मूर्तिकाराच्या घरातून थेट मुंबई इलाख्यातील सर्वांत मोठ्या कलाशाळेत, हा टप्पा अशा प्रकारे ओलांडला गेला.

जे. जे. मध्ये काय बदलले?

जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ ची. तेथील शिल्पकला विभागात युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळे. समोर माणूस बसवून त्याचा अभ्यास करायचा, हाडे आणि स्नायू समजून घ्यायचे, ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रतींवरून रेखाटने करायची. याच शाळेत शिकलेले गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवून भारतीय विद्यार्थी काय करू शकतो हे दाखवून दिले होते.

घरी शिकलेली माती आणि शाळेतील माती यांत मोठा फरक होता. गणपती घडवताना आकार आधीच ठरलेला असतो. सोंड कुठे, हात किती, आसन कसे हे परंपरा सांगते. व्यक्तिशिल्पात तसे नसते. प्रत्येक चेहरा नवा. गालाचे हाड किती वर, ओठाची कड किती दबलेली, मान कोणत्या बाजूला कललेली हे समोर पाहून ठरवावे लागते. करमरकरांच्या हाताला मातीची सवय आधीच होती. आता डोळ्याला शिस्त मिळाली. त्यांनी शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण केले आणि कलाशाळेतील प्रतिष्ठेचे लॉर्ड मेयो पदक मिळवले.

त्यानंतर १९१६ च्या सुमारास ते कोलकात्याला गेले. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांचा त्यांना आधार मिळाला. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते, त्यामुळे टागोर कुटुंबाचा या भागाशी जुना संबंध होता. कोलकात्यात करमरकरांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेव्हा बंगालमध्ये युरोपीय पद्धत सोडून भारतीय शैली शोधण्याची चळवळ जोरात होती. त्या वातावरणात राहूनही करमरकरांनी वास्तवदर्शी शिल्पाची वाट सोडली नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडनला गेले, रॉयल अकॅडमीत पुढचे शिक्षण घेतले आणि परत आल्यावर काही काळाने मुंबईत स्थायिक झाले.

पुण्याचा पुतळा : पेच काय होता?

करमरकरांचे नाव घराघरात पोहोचले ते पुण्यातील शिवस्मारकामुळे. या स्मारकामागे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांचा पुढाकार होता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पायाभरणी झाली. मात्र पुढे काम रेंगाळले. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. १९२५ मध्ये माधवराव शिंदेही गेले. राजाराम महाराजांनी वडिलांचे काम पुढे नेले.

पुतळ्याची जबाबदारी करमरकरांकडे आली तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठलेली होती. काम साधे नव्हते. शिवाजी महाराजांची प्रतिमा तोपर्यंत जुन्या लघुचित्रांत, छापील चित्रांत आणि लोकांच्या मनात होती. एवढ्या मोठ्या आकारात, चारही बाजूंनी पाहता येईल अशी ती उभी करायची होती. त्यातही चूक झाली तर ती साऱ्या महाराष्ट्राला दिसणार होती. ज्याने गावच्या भिंतीवर महाराज रंगवले, त्याच्यापुढे आता सुमारे साडेतेरा फूट उंचीचे महाराज होते.

एकसंध ओतकाम म्हणजे काय? त्यात धोका कोणता?

मोठा ब्राँझ पुतळा सहसा तुकड्यांत ओततात. धड वेगळे, पाय वेगळे, डोके वेगळे. मग ते जोडतात. एखादा तुकडा फसला तर तेवढाच पुन्हा करता येतो. पुण्याचा पुतळा मात्र एकसंध ओतला गेला आणि त्यामुळेच त्याची ख्याती झाली.

ही प्रक्रिया थोडक्यात अशी असते :

- आधी लोखंडी सांगाड्यावर पूर्ण आकाराची मातीची प्रतिकृती उभी राहते. काम चालू असेपर्यंत ती ओल्या कापडांनी झाकून ठेवावी लागते, नाहीतर माती तडकते.
- तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा निघतो आणि त्यातून प्लॅस्टरची प्रत तयार होते.
- या प्रतीवरून ओतकामाचा साचा बनतो. त्याच्या आत एक गाभा ठेवतात. साचा आणि गाभा यांच्यामध्ये जी पातळ पोकळी राहते, तिथेच धातू जातो.
- सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले ब्राँझ ठरलेल्या वाटांनी आत सोडतात. हवा आणि वायू बाहेर पडण्यासाठी वेगळ्या वाटा ठेवाव्या लागतात.

एकसंध ओतकामात हा सगळा धातू एकाच वेळी, न थांबता साच्यात गेला पाहिजे. मध्येच खंड पडला तर आधी गेलेला धातू थिजतो आणि नंतरचा त्याला चिकटत नाही. कुठे हवा अडकली तर तिथे भोक राहते. साच्यात ओल राहिली तर वाफेने साचा फुटू शकतो. म्हणजे कित्येक महिन्यांच्या कामाचा निकाल काही मिनिटांत लागतो.

पुतळ्याचे वजन सुमारे आठ टन सांगितले जाते. यावरून एक सोपा हिशेब करता येतो. एक घनमीटर ब्राँझचे वजन साधारण पावणेनऊ टन भरते. म्हणजे या पुतळ्यातील सगळे ब्राँझ वितळवले तर ते इमारतीच्या गच्चीवरील हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत मावेल. पुतळा मात्र दोन माणसांपेक्षाही उंच आहे. उरलेले सगळे काय आहे? पोकळी. घोडा दिसतो भरीव, पण तो आतून रिकामा आहे, अगदी साच्यातून काढलेल्या गणपतीसारखा. सासवण्याच्या अंगणातील पहिला नियम, आकार मोठा असेल तर आत जागा ठेवा, इथेही तोच होता. फक्त मातीच्या जागी धातू आला होता.

अश्वारूढ पुतळ्याची आणखी एक अडचण असते. घोड्याचे अवजड शरीर, त्यावरचा स्वार आणि हे सगळे वजन पेलणारे बारीक पाय. पाय जाड केले तर घोडा बैलासारखा दिसतो. बारीक ठेवले तर भार पेलण्याची काळजी. हा समतोल मातीच्या प्रतिकृतीतच साधावा लागतो. धातू ओतल्यावर दुरुस्तीला वाव नसतो.

मुंबईत माझगावला ओतकाम यशस्वी झाले. त्यानंतर हे अवजड शिल्प रेल्वेने घाट चढवून पुण्यात नेण्यात आले. १६ जून १९२८ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झाले. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हा पुतळा आजही उभा आहे.

पुतळ्यांपलीकडे करमरकर कोण होते?

स्मारकांची मागणी वाढली की शिल्पकाराचा बहुतेक वेळ नेत्यांचे आणि संस्थानिकांचे पुतळे करण्यात जातो. करमरकरांनीही अशी कामे केली. पण त्यांचे मन कुठे होते, हे त्यांनी स्वतःहून घडवलेल्या शिल्पांत दिसते.

‘शंखध्वनी’ हे त्यांचे गाजलेले शिल्प. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याचा गौरव झाला. शंख फुंकण्याचा क्षण मातीत पकडणे अवघड असते, कारण आवाज आणि श्वास दोन्ही दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा शरीरावरील ताण. ‘मत्स्यगंधा’ या शिल्पाला नाव महाभारतातील असले, तरी तिचा बांधा आणि उभे राहणे कोकण किनाऱ्यावरील कोळी मुलीचे आहे. याशिवाय कष्टकरी माणसे, मुले, घरचे कुत्रे, दारातील म्हैस हेही त्यांच्या शिल्पांचे विषय झाले. लंडनला जाऊन आलेला हा कलावंत पुन्हा त्याच नमुन्यांकडे वळला, ज्यांच्यावर लहानपणी हात बसला होता.

यातील कित्येक शिल्पांसाठी त्यांनी सिमेंट वापरले. तेव्हा हे धाडसाचेच होते. संगमरवर आणि ब्राँझ महाग. श्रीमंत ग्राहक मिळाल्याशिवाय त्यांत काम होत नाही. सिमेंट स्वस्त, साच्यात ओतता येणारे आणि कोकणातील पावसात टिकणारे. म्हशीचे किंवा हमालाचे शिल्प कोणी पैसे देऊन मागवणार नव्हते. ते करायचे असेल तर साहित्यही परवडणारे हवे. सिमेंटमुळे करमरकरांना ग्राहकाची वाट न पाहता काम करता आले. विसर्जित होणारी माती आणि राजेरजवाड्यांचे ब्राँझ यांच्या मधली ही वाट होती.

त्यांच्या कामावर मतभेद कशाबद्दल होतात?

करमरकर इंग्रजी वळणाच्या वास्तवदर्शी शैलीत घडले. स्वातंत्र्याच्या आसपास भारतीय शिल्पकलेत नवे वारे आले. शांतिनिकेतनमध्ये रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि खडी वापरून संथाळ कष्टकऱ्यांची खडबडीत, मोठी शिल्पे केली. त्यांच्या तुलनेत करमरकरांचे काम फार गुळगुळीत, फार हुबेहूब वाटते, असा आक्षेप घेता येतो. मूर्तिकाराच्या घरातून आलेल्या हाताने लोककलेची जोरकस, सोपी रेषा सोडून दिली आणि कलाशाळेची शिस्त स्वीकारली, यात काही गमावले का, हा प्रश्नही रास्त आहे.

त्याची दुसरी बाजूही आहे. लोककलेतील जोर करमरकरांनी सोडला असेल, पण लोक सोडले नाहीत. बैज यांचे संथाळ कुटुंब आणि करमरकरांची कोळी मुलगी यांची शैली वेगळी आहे. विषय निवडण्यामागची नजर मात्र फार लांबची नाही. कलेच्या इतिहासात एकाला पुढचे पान मिळाले, दुसऱ्याची ओळख बहुतांश एका पुतळ्यापुरती उरली.

भारत सरकारने १९६२ मध्ये करमरकरांना पद्मश्री देऊन गौरवले. ललित कला अकादमीचे सन्माननीय सदस्यत्वही त्यांना मिळाले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे काम कुठे पाहता येते? ते का पाहावे?

सासवण्यातील करमरकरांचे घर आता ‘करमरकर शिल्पालय’ म्हणून ओळखले जाते. दीडशेच्या आसपास शिल्पे तिथे आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आणि गेटवेहून लाँच असल्याने मुंबईकरांना एका दिवसात जाऊन येता येते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीहून थेट न्हावा शेवाजवळ चिर्ले येथे उतरतो, त्यामुळे रस्त्याने पेणमार्गे जाणाऱ्यांचाही वेळ वाचतो. अलिबागला समुद्रकिनाऱ्यासाठी जाणारे असंख्य पर्यटक या घरासमोरूनच पुढे जातात.

इथे थांबण्याचे कारण फक्त जुनी कला पाहणे एवढेच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर निर्बंध आणणाऱ्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून पेण परिसरातील कारखान्यांत शाडू की पीओपी हा वाद सुरू आहे. चर्चा होते ती किंमत, वजन, वाहतूक आणि विसर्जनाची. मूर्ती घडवणाऱ्या हाताची चर्चा क्वचितच होते. साच्यातून एका दिवसात शेकडो मूर्ती निघतात तेव्हा त्या कारखान्यातील एखाद्या मुलाला चेहरा पाहून चेहरा घडवता येतो का, हे कोणी तपासत नाही. रायगडमधील कारखान्यांत असे हात आजही असतील. ते हेरणारी नजर आणि त्यांना कलाशाळेपर्यंत नेणारी मदत या दोन गोष्टी करमरकरांना मिळाल्या, त्याही एका अधिकाऱ्याच्या वैयक्तिक रसामुळे. पुढच्या मुलासाठी ती व्यवस्था असावी की योगायोग, हा प्रश्न सासवण्यातील शिल्पे पाहताना पडतो. त्याचे उत्तर शासन, कलाशाळा आणि मूर्तिकारांच्या संघटना यांनाच द्यावे लागेल.